जुना शिसवी कोच घरच्या घरी दुरुस्त करून नवीन गादी-कापड लावता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या बाजारातून दोन माणसांचा शिसवी कोच ६,५०० रुपयांना घेतला. बैठक स्प्रिंगची, मधोमध खचलेली. पाठीला वेताची जाळी, तीही एका कोपऱ्यात फाटलेली. एक हात हलतो आणि पायांवर कुणीतरी तपकिरी ऑइलपेंट मारलाय. दुकानदार म्हणतो १८,००० द्या, पंधरा दिवसांत नव्यासारखा करतो. हे घरी जमेल का, आणि सुरुवात पॉलिशपासून करू का?

जमेल. मी सुतार नाही, नोकरी सांभाळून रविवारी हे करतो. नऊ वर्षांत पाच कामं झाली, त्यातलं चौथं अगदी तुमच्यासारख्याच कोचाचं. पण पॉलिशपासून सुरुवात करू नका. आधी कीड आणि ढेकूण, मग सांधे, मग पॉलिश, गादी सगळ्यात शेवटी. आणि ‘नव्यासारखा’ हा शब्द त्या दुकानदारालाच राहू द्या.

हे पोटतिडकीने सांगतोय त्याला कारण आहे. माझं पहिलं काम आजोबांच्या सागवानी आरामखुर्चीचं. हातांच्या टोकाला, जिथे त्यांचे तळवे टेकायचे, तिथे लाकूड झिजून गोलसर झालं होतं आणि काकवीसारखं चमकायचं. मी घासायचं मशीन भाड्याने आणलं आणि एका दुपारी सगळं सपाट, पांढुरकं करून ठेवलं. आई बाहेर आली, खुर्चीवरून हात फिरवला आणि काही न बोलता आत गेली. पॉलिश नंतर तीन वेळा चढवलं. ती झीज मात्र गेली ती गेलीच.

तर पहिला रविवार. कोच घरात घेऊ नका, गॅलरीत किंवा गच्चीवर ठेवा. उलटा करून तळाचं काळं कापड काढा आणि टॉर्च घेऊन सांध्यांतून, नवारीच्या घड्यांतून ढेकूण बघा. लाकडाला बारीक गोल भोकं दिसली तर खाली काळा कागद पसरून ठेवा. दोन-तीन दिवसांनी कागदावर पिठासारखी ताजी भुकटी पडली असेल तर कीड जिवंत आहे. मग किडीचं तयार औषध इंजेक्शनच्या सुईने एकेका भोकात सोडा आणि कोच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर बाजूला ठेवा. शिसवाच्या आणि सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही. ती लागते कडेच्या फिकट लाकडाला आणि बैठकीखाली लपवलेल्या स्वस्त पट्ट्यांना, म्हणून तिथेच आधी बघा.

हातासरशी आणखी एक खात्री करून घ्या. शिसव म्हणून विकलेलं बरंच फर्निचर काळं पॉलिश मारलेलं सागवान असतं. आतल्या बाजूला नखाएवढी जागा ब्लेडने खरवडा. साग सोनेरी तपकिरी निघतो आणि त्याला चामड्यासारखा वास येतो. शिसव जांभळट, काळ्या रेघांचं निघतं. साग निघाला तरी वाईट वाटून घेऊ नका, चांगल्या जुन्या सागाला ६,५०० ही किंमत स्वस्तच आहे.

पायांवरच्या ऑइलपेंटला कोरडा पॉलिशपेपर अजिबात लावू नका. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) करणारा आपल्याकडचा नियम २०१६ चा, आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ ला. त्याआधीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चालायचं, आणि त्याची धूळ लहान मुलांना सगळ्यात घातक. हातमोजे घालून पेंट रिमूव्हर लावा, रंग फुगला की बोथट पत्र्याने ओलाच खरवडून घ्या आणि खरवड कागदात बांधून टाका.

आता हलणारा हात. मोह खिळा ठोकण्याचा होतो. शिसव इतकं टणक असतं की खिळ्याने ते चिरतं आणि मग दुरुस्ती दुप्पट होते. जुन्या कोचाचे सांधे सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या डिंकाने, चिकटवलेले असतात, आणि सरस ऊब आणि पाणी लागलं की सुटतो. गरम पाण्यात पिळलेलं फडकं सांध्याभोवती अर्धा तास गुंडाळा, मधून मधून बदला, मग लाकडी हातोडीने हलक्या हाताने ठोका. सांधा पूर्ण उघडला की जुना सरस दोन्ही बाजूंनी खरवडून लाकूड उघडं करा, कारण बाजारातला पांढरा डिंक जुन्या सरसावर धरत नाही. मी पुन्हा सरसच वापरतो. खडे रात्रभर पाण्यात भिजवायचे, सकाळी डबा गरम पाण्यात ठेवून विरघळवायचे, उकळी येऊ द्यायची नाही. क्लँप नसेल तर दोरीचे दोन वेढे आणि मध्ये काठी घालून पीळ द्या. चोवीस तास हात लावू नका. सरसाचा फायदा हा, की पुढे कधी कुणाला हा सांधा उघडावा लागला तर तो गरम फडक्यानेच उघडेल.

पॉलिश. आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा एक मिनिट टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते चपडीचं पॉलिश, म्हणजे लाखेचं. तसं असेल तर नशीबवान आहात, काहीही खरवडायचं नाही. टर्पेंटाइनच्या फडक्याने वर्षांचा मळ काढा, अगदी बारीक स्टील वूल रेषेरेषेने हलकं फिरवा आणि त्याच्यावरच नवा हात द्या, कारण नवी चपडी जुनीत मिसळून जाते. स्पिरिटला न विरघळता थिनरला विरघळलं तर लॅकर, आणि दोन्हीला दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे कडक आधुनिक पॉलिश. तसं असेल तर रिमूव्हरने काढावं लागेल.

अर्धा लिटर स्पिरिटला साधारण ७५ ग्रॅम चपडी, काचेच्या बरणीत एक रात्र, मग मलमलच्या कापडातून गाळून. लोखंडी डब्यात चपडी काळवंडते. आत कापूस आणि वर जुन्या सुती साडीचा तुकडा अशी पुरचुंडी बांधा, पॉलिश तिच्या पोटात ओता आणि लाकडावर इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत राहा. मध्येच थांबलात तर पुरचुंडी तिथेच चिकटते. पहिल्या दोन हातांत कापड जांभळं होईल. तो मळ नव्हे, शिसवाचा रंग स्पिरिटमध्ये उतरतो. पातळ सात-आठ हात, रोज दोन, दाट एक हात कधीच नाही. स्पिरिट पेटतं, म्हणून गॅस आणि उदबत्ती बंद. आणि पावसाळ्यात हे काम काढू नका. मी जुलैत केलं होतं, दमट हवेने वर पांढरा धुरकटपणा आला. कोरड्या दिवशी जेमतेम ओलसर स्पिरिटचा बोळा फिरवून तो गेला, पण नोव्हेंबरपर्यंत वाट पाहावी लागली.

बैठक हा या कामाचा खरा जीव. उघडताना एकेक थर सोडवा आणि प्रत्येक थराचा फोटो काढा. चुका (कापड धरणारे बारीक खिळे) पक्कडीने उपटू नका, बोथट पेचकस खाली सारून उचला, म्हणजे चौकट फाटत नाही. माझ्या कोचात वर रेक्झिन होतं, त्याखाली विटलेलं हिरवं कापड, त्याखाली मांजरपाट, मग गोळे झालेला कापूस, काथ्या, गोणपाट आणि शेवटी १२ स्प्रिंगा. काथ्यात एक हेअरपिन निघाली आणि १९६१ सालचा ब्राँझचा एक ‘नया पैसा’, ‘रुपये का सौवाँ भाग’ लिहिलेला. हातात घेऊन बराच वेळ बसलो. काथ्या झटकून उन्हात दोन दिवस टाकला, तर ताज्यासारखा उभा राहिला. तोच परत घातला. स्प्रिंगांनाही काही झालेलं नव्हतं. तुमचीही बैठक खचली म्हणजे स्प्रिंगा गेल्या असं समजू नका, बहुतेक वेळा खालची नवार आणि वरची सुतळी गेलेली असते.

नवी नवार घ्या. एक टोक दुमडून पाच चुका, मग लाकडाच्या तुकड्याला पीळ घालून ताणा, दुसऱ्या बाजूला ठोका आणि त्यानंतरच कापा. आडवी पट्टी उभीतून चटईसारखी विणून न्या. बोटांनी वाजवली तर ढोलकीसारखी वाजली पाहिजे. स्प्रिंगा दाभणाने नवारीला शिवा, मग सुतळीने वरून बांधा: पुढे-मागे, डावी-उजवीकडे, दोन्ही तिरकस. प्रत्येक स्प्रिंगला आठ बाजूंनी सुतळी, प्रत्येक ठिकाणी गाठ, आणि बांधताना स्प्रिंग इंच-दीड इंच दाबलेली. मला हे एकट्याला पाच तास लागले आणि बोटं सोलली. पण इथे घाई केली तर वर कितीही महाग कापड लावा, बसल्यावर कोच एका बाजूला कलतोच.

वर गोणपाट, काथ्या, नवा पिंजलेला कापूस, मांजरपाट. फोम घालायचाच असेल तर ४० डेन्सिटीचा एक इंच, मांजरपाटाच्या खाली. मी घालत नाही, काही वर्षांत त्याचा भुगा होतो. कापड ५४ इंच पन्ह्याचं दीड मीटर पुरेल, मोठं डिझाइन असेल तर दोन. ते आधी पुढच्या कडेच्या मधोमध, मग मागे, मग दोन्ही बाजूंना अर्धवट ठोकलेल्या चुकांनी धरा आणि मधून कोपऱ्यांकडे जा. धागा सरळ दिसेपर्यंत चुका काढा-घाला. कोपऱ्याची घडी शेवटी, तीही उभी, म्हणजे धूळ साचत नाही.

वेताची जाळी मात्र बाहेर द्या. एकेका भोकातून सहा वेळा वेत जातो आणि पहिल्याच प्रयत्नात ते सरळ येत नाही. आपल्याकडे कितीतरी अंध कारागीर हे काम उत्तम करतात, फक्त बोटांनी भोकं मोजत. कोच त्यांच्याकडे पॉलिश झाल्यावर न्या, नाहीतर स्पिरिट आणि रंग वेतात मुरतो.

माझा खर्च कापड सोडून ४,२०० झाला आणि सहा रविवार गेले. तळाचं कापड ठोकायच्या आधी चौकटीच्या आत पेन्सिलीने तारीख आणि आत घातलेलं सामान लिहून ठेवा: सरस, चपडी, नवार, काथ्या. मी तेवढं लिहिलं, तो पैसा मांजरपाटाच्या छोट्या पिशवीत शिवून पुन्हा काथ्यात ठेवला, आणि मगच कापड ठोकलं.