अल्डोस्टेरॉन आणि इन्सुलिन एकत्र तपासताना

ए-सिक्स पेशींच्या थरातून (झेनोपस बेडकाच्या मूत्रपिंडातल्या) सोडियमचं वहन मोजायचं असेल, तर आधी पेशींच्या माध्यमातलं सीरम (रक्तातला द्रव भाग) काढून टाक. त्यात स्टेरॉइडं असतात. ती राहिली की सोडियमचा प्रवाह आधीच चढलेला असतो आणि तू घातलेल्या हार्मोनला काम उरत नाही; अल्डोस्टेरॉन आणि इन्सुलिन दोन्ही हा प्रवाह वाढवतात. आदल्या रात्रीपासून सीरम आणि स्टेरॉइड नसलेलं माध्यम ठेव.

दोन्ही हार्मोनची घड्याळं वेगळी. इन्सुलिनचा परिणाम काही मिनिटांत दिसतो. अल्डोस्टेरॉन घातल्यावर पाऊण-एक तास काहीच हलत नाही, कारण आधी जनुक चालू व्हायचं, आरएनए बनायचा, मग प्रथिन. आरएनए बनणं थांबवणारं अॅक्टिनोमायसिन-डी घातलंस तर ही वाढ दिसणारच नाही.

खरी गंमत पुढे आहे. एसजीके-१ हे प्रथिन वाढवतं अल्डोस्टेरॉन, पण फॉस्फेट लावून ते जागं करतं इन्सुलिन, पीआय-३ कायनेज या विकराच्या वाटेने. जागं झालेलं एसजीके-१ नेड-४-२ला (सोडियम चॅनेल पटलावरून काढायला लावणाऱ्या प्रथिनाला) अडवतं, म्हणून ते चॅनेल पेशीच्या पटलावर टिकतात.

त्यामुळे गट चार हवेत: काहीच नाही, एकेक, दोन्ही. अल्डोस्टेरॉन इथेनॉलमध्ये विरघळवलं असेल तर कंट्रोललाही (हार्मोन नसलेल्या गटालाही) तेवढंच इथेनॉल, ०.१ टक्क्याच्या वर नको. इन्सुलिन थराच्या खालच्या बाजूने घाल, त्याचे ग्राही तिकडे असतात. नवखे वरून घालतात आणि औषध खराब निघालं म्हणतात. शेवटी वरून १० मायक्रोमोलर अमिलोराइड, ते सोडियम चॅनेल बंद करतं. जेवढा प्रवाह पडला तेवढाच चॅनेलचा धर.

प्रथिन बनणं थांबवणारं सायक्लोहेक्झिमाइड वापरताना जप. चॅनेलचं आयुष्य थोडं, त्यामुळे मूळ प्रवाहही घसरतो. फक्त तेच घातलेला गट नसेल तर आकडे फसवतात.