झाडांच्या टँकला फिल्टर कुठला घ्यावा?

प्रश्न : मी पुण्यात राहते, घरी दोन फुटी माशांचा टँक आहे, 24 बाय 12 बाय 15 इंच. त्यात अ‍ॅमेझॉन स्वोर्ड, व्हॅलिसनेरिया आणि लाकडाला बांधलेलं जावा फर्न आहे, दहा निऑन टेट्रा मासे आहेत, आता चेरी श्रिंप (छोटी लाल कोळंबी) आणायचेत. झाडांसाठी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर वगैरे काही नाही. दुकानदार म्हणतो टॉप फिल्टर घ्या, भाऊ म्हणतो कॅनिस्टरच (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) पाहिजे, आणि कोणीतरी सांगितलं की झाडं असतील तर बुडबुडे अजिबात नकोत. त्यात आमच्याकडे गुरुवारी बरेचदा लाइट जाते. काय घेऊ?

उत्तर : ताई, तुम्ही मोठा स्पंज फिल्टर घ्या, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी पाणी स्पंजमधून ओढणारा, आणि त्याला एक बरा एअर पंप. सगळ्यात स्वस्त आहे म्हणून नाही सांगत, तुमच्या टँकला तोच बसतो म्हणून सांगतोय.

बुडबुड्यांचं आधी बोलू, कारण या एका वाक्याने खूप लोक घाबरलेत. ते खरंय, पण सिलिंडर लावलेल्या टँकसाठी, तिथे आपण पैसे देऊन पाण्यात सीओटू सोडतो आणि वरून पाणी ढवळलं की तो हवेत निघून जातो. तुम्ही बाहेरून सोडतच नाही तर उडून जाणार काय? उलट दिवसा झाडं पाण्यातला सीओटू ओढून घेतात तेव्हा पृष्ठभाग हलता असला तर हवेतून थोडा परत आत येतो.

आता फिल्टरचं काम काय, तर माशांच्या घाणीतून जो अमोनिया होतो त्याचं बॅक्टेरिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि या बॅक्टेरियांना बसायला जागा आणि ऑक्सिजन लागतो, बस. झाडं चांगली वाढत असली तर ती अमोनिया थेट खातात, म्हणजे अर्धा फिल्टर तुमच्याकडे आधीच लावलेला आहे. तुमच्या टँकमध्ये भरून 70 लिटर पाणी, माती-दगड धरले तर 60च्या आसपास, आणि दहा निऑनची घाण ती किती असणार.

टॉप फिल्टर वाईट नाही, गोल्डफिशवाल्यांना मी स्वतः तोच सांगतो, पण तो वरची जागा अडवतो, तिथे लाइट बसत नाही, आणि त्याचा पंप श्रिंपची पिल्लं ओढून घेतो. ही पिल्लं तांदळाच्या कणीपेक्षा लहान असतात हो, दिसतही नाहीत नीट. स्पंजवर मात्र तीच पिल्लं दिवसभर चढून बसतात आणि इवल्या हातांनी वरचा थर खरवडून खातात, बघत राहावंसं वाटतं.

कॅनिस्टर चांगलाच असतो, पुढे सिलिंडर लावलात तर जरूर घ्या, पण लाइट गेली की त्या बंद डब्यातले बॅक्टेरिया ऑक्सिजनवाचून मरायला लागतात. माझ्याकडे एकदा नऊ तास लाइट नव्हती, डबा उघडला तर सडक्या अंड्याचा वास आला, ते पाणी तसंच टँकमध्ये गेलं असतं तर मासे गेले असते. ज्यांच्याकडे कॅनिस्टर आहे त्यांनी जास्त वेळ लाइट गेली तर चालू करायच्या आधी आतलं पाणी ओतून टाका आणि मीडिया, म्हणजे ज्यावर बॅक्टेरिया बसतात तो आतला भराव, टँकच्या पाण्यात हलवून घ्या. स्पंज टँकमध्येच उघडा असतो, त्याला तेवढा धोका नाही, आणि पॉवर बँकवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो तो गुरुवारसाठी घेऊन ठेवा.

टँकच्या काठाला अडकवायचा हँग-ऑन फिल्टरही चालेल, पण आत ओढणाऱ्या नळीला स्पंजची टोपी हवीच. आणि खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका, तो रिकाम्या फिल्टरचा असतो, मीडिया भरला आणि त्यात कचरा साठला की धार बरीच कमी होते. तुम्हाला तासाला प्रत्यक्षात 300 लिटर फिरलं तरी भरपूर, म्हणून 500च्या आसपासचा घ्यायचा.

एक कळकळीने सांगतो, स्पंज नळाखाली धुऊ नका. मी सुरुवातीला चकचकीत धुतला होता, नळाच्या क्लोरीनने बॅक्टेरिया गेले, तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ आणि मासे वर येऊन तोंड उघडतायत, चार टेट्रा गेले तेव्हा. पाणी बदलताना बादलीत काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा पिळा. आणि नवीन स्पंज लावल्यावर श्रिंप लगेच आणू नका, महिना-दीड महिना जाऊ दे.

प्रश्न : रात्री आवाज येतो म्हणून फिल्टर बंद केला तर चालेल का?

उत्तर : नाही, झाडांच्या टँकमध्ये तर नाहीच. रात्री झाडंसुद्धा ऑक्सिजनच घेतात, पहाटे तो सगळ्यात कमी असतो आणि नेमका तेव्हाच तुम्ही पंप बंद ठेवताय. आवाज बहुतेक वेळा पंप फळीवर थरथरतो त्याचा असतो, खाली जाड फोमचा तुकडा ठेवा. आणि पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, जमत नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका, नाहीतर लाइट गेली की पाणी उलटं पंपात येतं.