आधी जेसीबी थांबवा

प्रश्न : वय 62, निवृत्त शिक्षक. शाहूवाडीत डोंगरउतारावर 15 एकर कुरण आहे, सातबारा तिघा भावांच्या नावे. गवताचे वर्षाला 45 हजार मिळतात. एक एजंट सांगतो, तिथे देशी जंगल वाढवलं तर कार्बन क्रेडिटचे दरवर्षी एकरी 40 हजार येतील. नोंदणी, झुडपांची सफाई, रोपं मिळून खर्च साडेचार लाख. जेसीबीला विसार दिला आहे. एफडी मोडू की सोनं तारण ठेवू?

उत्तर : दोन्ही नको. पण त्याआधी आजच जेसीबीवाल्याला फोन करून काम रद्द करा. विसार बुडाला तरी चालेल.

एजंट ज्याला झुडपं म्हणतो, तेच तुमचं जंगल आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा यांचे जुने बुंधे अशा उतारावर जिवंत असतात. दरवर्षी फुटतात, गुरं, कोयता आणि वणवा त्यांना गुडघ्याच्या वर वाढू देत नाहीत. जेसीबी मुळंच उपटतो, पहिल्या पावसात माती ओढ्याला लागते आणि विकत आणलेली रोपं एप्रिल-मेमध्ये वाळतात. शिवाय कार्बन क्रेडिट देणाऱ्या वेरा या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांप्रमाणे, क्रेडिट मिळवण्यासाठी नैसर्गिक झाडोरा साफ केला तर ती जमीन पुढची 10 वर्षं बाद. म्हणजे पैसे मोजून तुम्ही स्वतःलाच अपात्र ठरवणार होता!

आता हिशेब. एक क्रेडिट म्हणजे झाडांनी हवेतून शोषलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. राखलेल्या रानाचे एकरी वर्षाला 2 टन धरू. सुरुवातीला त्याहून कमीच. एकूण 30. पुढे जंगल जळालं-तुटलं तर भरपाई म्हणून काही क्रेडिट राखीव खात्यात ठेवतात, त्यात 6 गेले, उरले 24. भाव हजार रुपये धरला आणि निम्मे प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीचे, तर हातात वर्षाला 12 हजार. तेही झाडं खरंच किती वाढली याच्या पहिल्या पडताळणीनंतर, चार-पाच वर्षांनी. एजंटच्या आकड्यासाठी एकरी 40 टन हवेत, तेही कुणाला वाटा न देता. असं जंगल सह्याद्रीत नाही. साडेचार लाखांची एफडी सात टक्क्यांनी 31 हजार देतेच आहे.

पडताळणीचा खर्च लाखांत जातो, म्हणून हजारो एकर एकत्र केल्याशिवाय प्रकल्प परवडत नाही. खरी कंपनी खर्च क्रेडिटमधून वळता करते. शेतकऱ्याकडे आगाऊ नोंदणी फी मागणाऱ्याची कमाई त्या फीतच असते. आणि करार किमान 40 वर्षांचा. भावांच्या सह्या आणि मुलांची संमती नसेल तर कागदाला हात लावू नका.

रान वाढवायची हौस असेल तर भावांशी बोलून ओढ्यालगतचे 4 एकर राखा. चराई बंद. गवत दिवाळीनंतर विळ्याने कापून विका. उत्पन्नही राहील आणि वणव्याला जळणही उरणार नाही. जानेवारीआधी भोवती 20 फुटांची जाळरेषा (आग ओलांडू नये म्हणून गवत काढलेला पट्टा) काढा, मेअखेरपर्यंत राखण्या ठेवा. प्रत्येक बुंध्यावर दोन सरळ फुटवे ठेवून बाकीचे छाटा. माथ्यावरचा कातळसडा (सपाट खडकाळ माळ) मात्र उघडाच राहू द्या, तिथे झाडं लावू नका. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा एकदा मोठे झाले की तोडायला परवानगी लागते, हेही भावांना आत्ताच सांगा.