पांढरी तीनमधला आवाज

प्रिय मुली,

पत्र मिळालं, आणि सोबतचं रेकॉर्डिंगही. क्लासमध्ये तुला काळी चार, म्हणजे पेटीवरची वरची पट्टी, धर म्हणून सांगतात, तू त्याहून खालच्या पांढरी तीनमध्ये मोकळी होतेस, आणि आता तुला वाटायला लागलंय की आवाजातच काही कमी आहे. कमी काही नाही. तुझा आवाज खालीच भरतो. वर नेलास की त्यातला गर जातो आणि नुसती धार उरते, हे रेकॉर्डिंगमध्येही स्पष्ट ऐकू येतंय.

कार्पेंटर्स या अमेरिकन बहीण-भावाच्या जोडीचा ‘अ साँग फॉर यू’ हा अल्बम मी गेले काही दिवस पुन्हा सलग ऐकते आहे. तोच तुला ऐकायला सांगते. 1972 च्या जूनमध्ये अमेरिकेत तो आला, तेव्हा कॅरन कार्पेंटर 22 वर्षांची होती आणि तिचा भाऊ रिचर्ड 25 वर्षांचा. बहीण गायची. भाऊ पियानो वाजवायचा, गाणी निवडायचा, वाद्यांची आणि आवाजांची मांडणी करायचा. त्याच्या सगळ्या मांडणीचं उत्तर एकच होतं: बहिणीचा आवाज जिथे भरतो, तिथे गाणं आणायचं. ती कॉन्ट्राल्टो, म्हणजे बायकांच्या आवाजातली सगळ्यात खालची जात. पहिलंच गाणं लाव. लिऑन रसेल या अमेरिकन गायकाचं गाणं आहे, 1970 साली त्यानं स्वतः गायलेलं. सुरुवातीला जवळजवळ नुसता पियानो आणि ती. माईकच्या अगदी जवळ, जोर न लावता. खालच्या स्वरांवर आली की आवाज बारीक होत नाही, उलट रुंद होतो. ओळीचा शेवट ती कशी सोडते बघ. आपल्याकडच्या मुली तिथे हमखास एखादी हरकत, म्हणजे स्वरांची छोटी नक्षी, घेतात. ती काहीही घेत नाही. स्वर जेवढा हवा तेवढा धरते आणि ठेवून देते.

अशा गाण्याला लोक गुळगुळीत म्हणतात. तेव्हाही म्हणत होते. मला ते कधीच पटलं नाही. ऐकायला सोपं वाटणारं गाणं गायला किती अवघड असतं हे तुला पाहायचं असेल तर ‘गुडबाय टू लव्ह’ स्वतः गाऊन बघ. सुरुवातीच्या ओळी एकमेकींत अशा गुंफल्यात की श्वास घ्यायला जागाच सापडत नाही. तू गाशील तेव्हा मध्येच तुटेल. मग तिचं ऐक आणि ती श्वास कुठे चोरते ते शोध. ती मुळात ड्रमर होती आणि स्वतःला आधी ड्रमरच मानायची. या अल्बमवर बरेचसे ड्रम्स हॅल ब्लेननं वाजवलेत, पण तिच्या गाण्यात ती लय आहेच. शब्द मात्रेवर आपटत नाही, तिच्यावर अलगद टेकतो. तू तबला शिकतेस ते म्हणूनच सोडू नकोस.

या गाण्याचा जन्मही मजेशीर आहे. बिंग क्रॉस्बी या अमेरिकन गायक-नटाच्या 1940 च्या एका चित्रपटात या नावाच्या गाण्याचा नुसता उल्लेख येतो, गाणं ऐकू येतच नाही. रिचर्डनं ते नाव उचललं, चाल केली आणि जॉन बेटिसनं शब्द लिहिले. पुढे त्यात टोनी पेलुसो या तरुण गिटारिस्टला बोलावलं. त्यानं आधी हळुवार, जपून वाजवलं. रिचर्डनं सांगितलं, सुरुवातीला चाल वाजव आणि मग सुटून जा. मग ती फझ (स्वर मुद्दाम फाटका करणारं यंत्र) लावलेली, खरखरीत, तापलेली गिटार आली, एकदा मध्ये आणि एकदा शेवटी. चाहत्यांची रागावलेली पत्रं आली, की तुम्हीही रॉकच्या नादाला लागलात. मला ती गिटार हवीच वाटते. गाणारी स्वतः जे ओरडून सांगणार नाही, ते ती गिटार सांगते. मऊ गाण्यात कडक गोष्ट कुठे ठेवायची, हे यावरून शिक.

आता तुझे लेयर. तू सहा आवाज एकावर एक घातलेस आणि गर्दी झाली. या अल्बममधली जवळजवळ सगळी कोरसची माणसं म्हणजे हे दोघंच, पुन्हा पुन्हा गाऊन थर चढवलेले. पहिल्या बाजूच्या शेवटी ‘इंटरमिशन’ नावाचा काही सेकंदांचा तुकडा आहे, वाद्यांशिवाय. शब्द थट्टेचे आहेत, पण संगीत अंतोनिओ लोत्ती या जुन्या इटालियन रचनाकाराच्या ‘क्रुचिफिक्सुस’ या चर्चमधल्या समूहगीतावरून घेतलंय. तो तुकडा हेडफोनवर ऐक. प्रत्येक थराचा स्वर एकाच आकाराच्या तोंडातून आलाय, आणि शब्द एकाच क्षणी संपतात. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये ‘स’ सहा वेळा वेगवेगळा ऐकू येतो. एका थरात व्यंजन पूर्ण म्हण, बाकीच्यांत गिळून टाक. आ-कार सगळीकडे सारखा उघड.

सगळाच अल्बम त्या उंचीचा नाही. ‘पियानो पिकर’ मी सहसा गाळून पुढे जाते. ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ मात्र दोनदा ऐक, एकदा अल्बममधलं आणि एकदा नंतरच्या सिंगलमधलं, म्हणजे सुट्या काढलेल्या रेकॉर्डमधलं. ते सिंगल म्हणून काढावं असं त्यांना आधी वाटलंच नव्हतं. लिन अँडरसन या गायिकेनं ते कंट्री, म्हणजे अमेरिकन ग्रामीण ढंगाच्या, पद्धतीनं गाऊन लोकप्रिय केलं, तेव्हा कॅरननं ते नव्यानं गायलं आणि 1973 च्या डिसेंबरमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. दोन्हींत तिचा आवाज कुठे बदलला ते मला लिहून पाठव.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तू नेटवर शोधशीलच. अॅनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे बारीक होण्याच्या धास्तीनं खाणंच तोडण्याचा आजार, यानं तिचं शरीर पोखरलं आणि 1983 साली, वयाच्या 32 व्या वर्षी ती गेली. हे कळल्यावर प्रत्येक गाण्यात तोच शेवट ऐकू यायला लागतो. तसं ऐकू नकोस. 1972 सालच्या त्या स्टुडिओत एक तरुण मुलगी आपलं काम चोख करत होती, आणि त्या कामाकडे लक्ष देणं हाच तिचा मान आहे. आणि स्टेजवर जाणाऱ्या मुलींना बारीक व्हा म्हणून सांगणारे आपल्याकडेही कमी नाहीत. तुला कुणी म्हणालं, तर ते मनात ठेवू नकोस, मला फोन कर.

या आठवड्यात नवीन काही बसवू नकोस. तुझं तेच भावगीत पांढरी तीनमध्ये, हरकती काढून, माईकपासून चार बोटांवर उभी राहून गा. थर तीनच घाल. फाइल पाठवताना प्रत्येक थर वेगळा पाठव, मिसळून नको.

तुझी,
ताई