भीतीची शिडी: सुरुवात कुठून करायची

लिफ्टची भीती आहे म्हणून पहिल्याच दिवशी दहाव्या मजल्याचा हट्ट धरू नका. आधी भीतीला ० ते १०० गुण देत आठ-दहा पायऱ्या लिहून काढा: लिफ्टसमोर उभं राहणं ३०, दार उघडं ठेवून आत थांबणं ४५, सोबतीनं एक मजला ६०, एकट्यानं ७५. सुरुवात ३०-४० पासून करा आणि एका बैठकीत तीच पायरी पुन्हा पुन्हा.

गाडं अडतं ते इथे: माणूस घाबरून मध्येच बाहेर पडतो. लगेच हायसं वाटतं आणि ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढंच मेंदू शिकतो. मोबाइलमध्ये डोकं घालणं, सोबत्याचा हात घट्ट धरणं, हीसुद्धा पळवाटच. आत शिरण्यापूर्वी नेमकं काय होईल असं वाटतंय ते लिहा, उदाहरणार्थ ‘श्वास कोंडेल’. बाहेर आल्यावर प्रत्यक्ष काय झालं ते शेजारी. भीती शून्यावर यायलाच हवी असं नाही, अंदाज चुकला हे दिसणं माझ्या मते जास्त मोलाचं.

रक्ताची किंवा सुईची भीती मात्र वेगळी. तिथे रक्तदाब चढून एकदम पडतो, भोवळ येते. म्हणून अंग सैल सोडू नका. हात, पाय, पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद आवळा, २०-३० सेकंद नेहमीसारखे होऊ द्या (पूर्ण सैल नाही), असं पाचदा. हृदयविकार असेल किंवा गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा.