खाऱ्या पाण्यातल्या माशाची शेपटी फाटली आहे, कोणतं औषध टाकू?

तुम्ही लिहिलंय की क्लाउनफिशच्या शेपटीचं वरचं टोक फाटलंय, कड पांढरट दिसते, मासा खातोय नीट. हा फिन रॉट, म्हणजे पर सडण्याचा रोग, असेल तर टाकीत कोणतं अँटिबायोटिक टाकू, हा तुमचा प्रश्न. अजून काही टाकलं नसेल तर हात आवरा. याच प्रश्नावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं दोन वर्षं वाजतंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

टाकी आम्हा दोघांची. त्यात एक बांगाई कार्डिनल होता. ज्यांनी पाळलाय त्यांना माहीत आहे, संथ मासा, लांब पर आणि परांवर पांढरे ठिपके. एका सकाळी त्याच्या शेपटीचं टोक गायब. दादानं बॅटरी मारून बघितलं आणि निकाल देऊन टाकला, "पर झडतायत, जंतू झालेत." त्याच दिवशी ऑक्सिटेट्रासायक्लिन थेट मुख्य टाकीत. दुसऱ्या दिवशी पाणी पिवळट, वर फेस, ॲमोनिया 0.5. फिल्टरमधले, ॲमोनिया संपवणारे बॅक्टेरिया मार खाणार हे मी आधी सांगितलं होतं. पुढचे चार दिवस पाणी बदलत बसलो मी, दादा नाही.

मग मासा वेगळ्या टाकीत हलवला. दादा तिथेही औषध टाकत राहिला. दहा दिवसांत पर भरत आले. "बघ," म्हणाला. मासा परत मुख्य टाकीत सोडला आणि चौथ्या दिवशी शेपटीला नवी खाच. त्यावर दादाचं उत्तर होतं, "तू कोर्स पूर्ण होऊ दिला नाहीस." ते वाक्य मला अजून लागतं. पुन्हा वेगळी टाकी, पुन्हा औषध, पुन्हा बरा, परत सोडला की पुन्हा खाच.

तिसऱ्या वेळी मी वाद घातला नाही. रोज सकाळी त्याच जागेवरून फोटो काढायचा आणि शेपटीवरचे ठिपके मोजायचे, एवढंच करत राहिलो. फिन रॉट कडेकडून आत सरकतो, रोज थोडा थोडा, फाटक्या चिंध्यांसारखा. इथे एका रात्रीत दोन ठिपके साफ गेले होते, अर्धगोल कापल्यासारखे, आणि शेजारचा तिसरा ठिपका जसाच्या तसा. पुढचे तीन दिवस काहीच नाही. मग दुसऱ्याच जागी खाच. रोग असा एका रात्रीत घास घेऊन तीन दिवस थांबत नाही. दात थांबतात.

मग पहाटे दिवे लागायच्या आधी टाकीसमोर जाऊन बसलो. तिसऱ्या पहाटे दिसलं. खडकाच्या एका कपारीवर आमच्या डॅमसेलनं, म्हणजे टाकीतल्या दुसऱ्या एका माशानं, हक्क सांगितला होता आणि कार्डिनल तरंगत तरंगत तिच्या तोंडाशी आला. डॅमसेल सरळ शेपटीवर. एक सेकंदही लागला नाही. दिवसा हाच डॅमसेल इतका शहाण्यासारखा फिरायचा की आमच्या कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

डॅमसेल काढला. औषधाचा एक थेंब टाकला नाही. काही दिवसांत खाचेत पातळ, काचेसारखी दुधट झिल्ली आली. दादा लगेच, "बघ, पांढरं झालंय, फंगस!" तो नवा पर होता. आधी रंगहीन पडदा येतो, रंग मागून भरतो. ठिपके दिसायला आणखी बरेच आठवडे गेले, पण दिसले.

तुमच्या माशाची "पांढरट कड" कदाचित हीच असेल, म्हणून सगळं सांगितलं. कड गुळगुळीत आणि पारदर्शक असेल तर पर वाढतोय. कड मळकट, लोंबकळती, फाटत आत जाणारी आणि पराच्या मुळाशी लालसर रेघा असतील तर जंतूसंसर्ग. खाऱ्या पाण्यात बहुतेक वेळा व्हिब्रिओसारखे बॅक्टेरिया. परावर फुलकोबीसारख्या घट्ट पांढऱ्या गाठी असतील तर तो लिम्फोसिस्टिस, विषाणूचा. त्यावर औषध नाही; पाणी आणि खाणं चांगलं ठेवलं की तो बहुधा आपणहून जातो.

क्लाउनफिश एकच आहे की जोडी, हे तुम्ही लिहिलं नाही आणि खरा मुद्दा तोच आहे. हे मासे जन्मतः सगळे नर असतात, वरचढ होतो तो मादी बनतो आणि लहान्याला धाकात ठेवतो. फाटलेली शेपटी लहान्याची असेल तर आधी मोठीकडे बघा. लहान्याला छिद्रं पाडलेल्या ॲक्रिलिक डब्यात घालून तो डबा त्याच टाकीत लावा. पाणी तेच, फक्त दात लांब. चार-पाच दिवसांत नवी जखम झाली नाही तर तुमचा गुन्हेगार कोण ते कळलं. वेगळ्या टाकीत हलवून त्याच वेळी औषधही दिलंत तर नेमकं कशानं बरं झालं हे कधीच कळणार नाही. दादाची सगळी चूक इथेच झाली.

डब्यात एकटा असूनही कड आत सरकत राहिली तर मात्र वेगळी टाकी: तळाला काही नाही, लपायला पीव्हीसीचे तुकडे, मुरलेला स्पंज फिल्टर, जोरात हवा. फिल्टरमधला कार्बन काढा, तो औषध शोषून घेतो. नायट्रोफुराझोन किंवा कानामायसिन, पाकिटावरच्या मापानं. नायट्रोफुराझोन असेल तर दिवे बंद, ते उजेडात निकामी होतं. टेट्रासायक्लिन पाण्यात टाकूच नका. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 400 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, आणि हे औषध त्यांनाच चिकटून बसतं. माशापर्यंत फारच थोडं पोचतं. दादानं ओतलेलं औषध हेच. तांबं बॅक्टेरियावर नाही, परजीवींवर. आणि झिंगे-गोगलगायी असलेल्या टाकीत तर अजिबातच नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. मुळाशी लाली, खाणं बंद, श्वास जोरात, किंवा जखम पराच्या मुळापर्यंत गेलेली, यातलं काहीही असेल तर डबा लावून वाट बघू नका, त्याच दिवशी हलवा. मूळ खाल्लं गेलं तर तो पर परत येत नाही. अंगावर बारीक धूळ उडाल्यासारखी दिसत असेल तर तो मखमली रोग. तिथे वेगळ्या टाकीत तांबंच लागतं आणि माझी ही सगळी गोष्ट तिथे गैरलागू. साधी चावल्याची जखमही ॲमोनिया असलेल्या पाण्यात सडते, तेव्हा टेस्ट आजच करा.

दादा हे वाचेल तेव्हा पुन्हा कोर्सचं काढेल. त्यानं फक्त एवढं सांगावं, डॅमसेल काढल्यावर काहीही न टाकता ते ठिपके परत कसे आले? तारखांसकट फोटो माझ्याकडे आहेत.