‘द रीडर’ : हानाबद्दल वाटणाऱ्या कणवेचं काय करायचं?

बर्नहार्ड श्लिंक यांची ‘द रीडर’ ही जर्मन कादंबरी १९९५ साली प्रसिद्ध झाली. १५ वर्षांचा मिखाएल आणि ट्राममध्ये कंडक्टर असलेली ३६ वर्षांची हाना यांचे संबंध जुळतात. तो तिला पुस्तकं वाचून दाखवतो. एक दिवस ती काही न सांगता निघून जाते. पुढे कायद्याचा विद्यार्थी झालेला मिखाएल तिला थेट कोर्टात पाहतो, आरोपी म्हणून. ती नाझी छळछावणीत पहारेकरी होती. तिला लिहिता-वाचता येत नाही हे खटला चालू असताना त्याच्या लक्षात येतं आणि तो गप्प बसतो. या कादंबरीवर आलेल्या वाचकांच्या पत्रांमध्ये सरळ दोन तट पडले आहेत. त्यातले निवडक प्रश्न घेत आहोत.

हानाला निरक्षर दाखवून लेखकाने तिचा गुन्हा सौम्य केला, असं आमच्या गटात अनेकांचं मत पडलं. तुम्हाला काय वाटतं?

हा आक्षेप वजनदार आहे. अमेरिकन लेखिका सिंथिया ओझिक यांनीही तो घेतला होता. त्या काळातला जर्मन समाज चांगला शिकलेला होता. कत्तलीची आखणी करणाऱ्यांत वकील, डॉक्टर, पदवीधर होते. अशा वेळी अक्षरशत्रू बाईला गुन्हेगार म्हणून पुढे करणं म्हणजे दोष भलत्याच माणसावर नेऊन ठेवणं, असा त्यांचा रोख आहे.

पण कादंबरीत निरक्षरतेमुळे नेमकं काय काय घडतं ते मोजून पाहा. सीमेन्स कारखान्यात मुकादमाची जागा देऊ केल्यावर हाना ती नाकारते आणि १९४३ च्या शरद ऋतूत एसएस या नाझी दलाकडे जाते. ट्राम कंपनी तिला चालकाचं प्रशिक्षण देऊ करते, तेव्हा ती शहर सोडते. कोर्टात हस्ताक्षराचा नमुना द्यावा लागू नये म्हणून, कैदी बायका जळून मेल्या त्या आगीबद्दलचा, स्वतः न लिहिलेला अहवाल आपणच लिहिल्याचं कबूल करते. तिन्ही ठिकाणी ती स्वतःची लाज झाकते आहे. निरक्षरतेने एवढंच उलगडतं.

आता दुसरी बाजू. दर महिन्याला छावणीतून सुमारे ६० बायका निवडून ऑश्विट्झला मरायला परत पाठवल्या जात, आणि हाना निवड करणाऱ्यांपैकी एक होती. युद्धाच्या शेवटी कैदी बायकांना पायी पश्चिमेकडे नेत असताना रात्री एका चर्चमध्ये कोंडलं. बॉम्ब पडून छत पेटलं, तरी पहारेकरणींनी दारं उघडली नाहीत. आत शेकडो बायका होत्या, वाचल्या दोघी: एक आई आणि तिची मुलगी. न्यायाधीश कारण विचारतात तेव्हा हानाचं उत्तर असं, की त्यांची जबाबदारी आमच्यावर होती, पळून गेल्या असत्या तर बंदोबस्त कसा ठेवणार? या उत्तराचा वाचता न येण्याशी काडीचाही संबंध नाही. किल्ली फिरवायला अक्षरं लागत नाहीत. ‘बिचारीला वाचता येत नव्हतं’ म्हणणारे या दोन गोष्टी एकत्र करतात, तिथे वाचन फसतं. आणि तसं होण्याचा दोष अर्धा लेखकाकडेही जातो, कारण गुपित उघडण्याची उत्सुकता त्याने इतकी ताणली आहे की चर्चचा प्रसंग तिच्या सावलीत जातो.

सहआरोपी बायकांना मुदतीची शिक्षा आणि एकट्या हानाला जन्मठेप, हे पटत नाही. प्रत्यक्षात असं होत असे का?

होत असे. श्लिंक स्वतः कायद्याचे प्राध्यापक आणि न्यायाधीश राहिलेले असल्यामुळे हा भाग पक्का बांधलेला आहे. पश्चिम जर्मनीत हे खटले नेहमीच्या फौजदारी कायद्याखाली चालले. स्वतःच्या इच्छेने किंवा पुढाकाराने खून करणारा तो खुनी, त्याला जन्मठेप. वरून आलेला हुकूम अमलात आणणारा बहुधा ‘मदतनीस’ ठरे आणि मुदतीच्या शिक्षेवर सुटे. फ्रँकफर्टचा ऑश्विट्झ खटला (१९६३-६५) पाहा: शेवटपर्यंत राहिलेल्या २० आरोपींपैकी १७ दोषी ठरले, जन्मठेप फक्त सहा जणांना. छावणीच्या कमांडंटचा अॅडज्युटंट, म्हणजे खास सहायक अधिकारी, असलेला रोबर्ट मुल्का मदतनीस ठरला आणि त्याला १४ वर्षं मिळाली.

म्हणून अहवालाचा मुद्दा कळीचा आहे. अहवाल ज्याच्या हातचा, तो निर्णय घेणारा, अशी मांडणी होते. हानाने कबुली दिली की बाकीच्या आपोआप हुकमाच्या ताबेदार ठरतात. छावणीत नुसती नोकरी करणंही मदत म्हणून पुरेसं आहे, ही भूमिका म्युनिकच्या कोर्टाने सोबिबोर मृत्युछावणीतला पहारेकरी जॉन डेम्यान्युक याच्या खटल्यात घेतली ती २०११ साली.

नकार दिला असता तर तिलाच गोळी घातली असती. मग तिने काय करायचं होतं?

ही समजूत खोलवर रुजली आहे, कारण कोर्टात आरोपींचे वकील हाच बचाव करत. कैद्यांना किंवा नागरिकांना मारायला नकार दिला म्हणून कोणाला ठार केल्याचं एकही प्रकरण या खटल्यांत सिद्ध झालं नाही. जुलै १९४२ मध्ये पोलंडमधल्या युझेफूव्ह गावी ज्यूंच्या कत्तलीआधी जर्मन राखीव पोलीस बटालियन १०१ च्या मेजर ट्राप यांनी, ज्यांना हे काम झेपणार नाही त्यांनी बाजूला व्हावं, असं सांगितलं होतं. सुमारे डझनभर जण बाजूला झाले. त्यांना कडक शिक्षा झाली नाही.

हाना मात्र हा बचाव करतच नाही. ती न्यायाधीशांनाच विचारते, तुम्ही काय केलं असतं? न्यायाधीशांना नीट उत्तर देता येत नाही आणि पुष्कळ वाचकांना हा हानाचा विजय वाटतो. उत्तर होतं: सीमेन्स सोडायचं नाही. तो विचार तिच्याही मनात डोकावतो.

वाचकाला हानाची कीव यावी अशीच लेखकाची इच्छा आहे ना?

कीव मिखाएलला येते, आणि संपूर्ण कादंबरी त्याच्या तोंडून आहे. गुन्हेगारांच्या पुढच्या पिढीचा तो माणूस आहे. ही पिढी आईवडलांना आरोपी ठरवत होती आणि त्यांच्यावर प्रेमही करत होती. मिखाएलने आपल्या शरीरावर आणि आयुष्यावर उमटलेल्या बाईला पुढे कोर्टात पाहिलं. १५ वर्षांच्या मुलाचा ३६ वर्षांच्या बाईने घेतलेला फायदा तो कधीच त्या नावाने ओळखत नाही, म्हणून त्याच्या शब्दावर किती विसंबायचं हे वाचकाने ठरवायचं असतं. हाना तुरुंगात असताना तो तिला वाचलेल्या पुस्तकांच्या कॅसेट वर्षानुवर्षं पाठवतो, पण एकही पत्र लिहीत नाही. त्याची कणव किती सोयीची आहे ते इथे दिसतं.

मात्र एक उणीव राहतेच. चर्चमधून वाचलेल्या मुलीला लेखकाने नाव दिलेलं नाही, जागाही थोडी दिली. हानाने मरताना तिच्यासाठी ठेवलेल्या पैशांना ती नकार देते, क्षमेचं नाटक करत नाही. त्या प्रसंगातलं तिचं बोलणं सगळ्यात स्पष्ट आहे. ती अजून बोलायला हवी होती.

आमच्या वाचनगटात चर्चा भांडणावर गेली. पुन्हा बसायचं तर कसं बसावं?

बैठका दोन घ्या. पहिली, दुसरा भाग संपेपर्यंतच. पुढचं वाचलेल्यांनी शेवट सांगायचा नाही, कारण हानाचं मरण कळलं की सगळं त्याच प्रकाशात दिसू लागतं. कागदावर तीन रकाने आखा: हानाने काय केलं, कोर्टात ती काय म्हणाली, मिखाएलला त्याबद्दल काय वाटलं. प्रत्येक विधानापुढे प्रकरणाचा क्रमांक घाला. भांडण बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्यातलं वाक्य पहिल्यात गेल्यामुळे होतं.

‘समजून घेणं’ आणि ‘माफ करणं’ यांवर पहिल्याच बैठकीत मतदान घेऊ नका. माणसं बाजू घेतात आणि मग पुस्तक उघडत नाहीत. २००८ चा चित्रपट आधी पाहिला असेल तर कोर्टाची प्रकरणं पुन्हा वाचूनच या. पडद्यावर हानाला केट विन्सलेटचा चेहरा आहे, आणि मिखाएलचं मनातलं बोलणं, ज्यावर संशय घ्यायचा, ते बरंचसं गळलेलं आहे. दुसऱ्या बैठकीची सुरुवात वाचलेल्या मुलीच्या प्रसंगापासून करा, म्हणजे तिच्या वाट्याला वेळ उरेल.